एरिसा बोसा याची सासूबाईंसह टेकडीवरील स्वारी

आरोप प्रथम, हकीकत मागाहून.

टेकडीवरील विद्यापीठाचे दफ्तरी बसोन ज्या कोणी नवागतांच्या स्वागताचा सोळा कलमी कागद लिहिला आणि त्यात सातवे कलम घातले, त्यांस खुलेआम पुसणे जे, साहेब, आपण माणूस कधी पाहिला आहे काय? आपले नाव विचारिले तर शिपाई कारकुनाकडे बोट करितो, कारकून छताकडे बोट करितो, आणि छत काही बोलत नाही. म्हणोन बिननावी आरोप ठेवितो. आपण शेचाळीस वर्षांच्या, तीन लेकरांच्या, दाढीत पांढरे उतरलेल्या सुतारास पोर ठरविले. आपण त्यास घरचे वडील माणूस घेऊन ये, अन्यथा जागा रद्द, ऐसे फर्माविले. आणि आपल्या एका ओळीपायी दोन भल्या माणसांचे हात जन्माचे जावयाची वेळ आणिली. हा गुन्हा कैसा घडला आणि त्यातून फत्ते कैसी जाहली, ते तपशीलवार ऐकावे. लिहिणारास शाळा सातवीपावेतोच घडली, पुढील सर्व रद्दीच्या कागदांवर. तेव्हा भाषा रांगडी लागल्यास दोष त्याचा, आणि गोष्ट खरी लागल्यास दोष आपला.

तर मसाकाच्या मुलखी, लाल मातीच्या रस्त्यास लागोन, एरिसा बोसा नामे सुतार नांदत होता. किताब येणेप्रमाणे: रंधाबहाद्दर, फळीनवाज, प्रवेश-परीक्षेत दोन वेळा पराभूत आणि तिसरे खेपेस विजयी. दौलत म्हणावी तर दोन करवती, एक रंधा, सहा पटाशा आणि खिशात अष्टौप्रहर एक पाना. आणि या उमद्या सरदारास या वयात विद्येची हाव का सुटली म्हणाल, तर गावच्या शाळेचे छप्पर घालितेसमयी शहरातून इंजिनिअर आला, बूट चकचकीत, आणि बोसाने हात जोडोन अर्ज केला जे, साहेब, ही तुळई या लांबीस टिकणार नाही, वाकेल. इंजिनिअर नकाशावरून मान वर न करिता बोलिला,

"तू रंधा मार रे. हिशेब करायला आम्ही आहोत."

मग दुसऱ्या वर्षी तुळई वाकली, आणि मुले आंब्याखाली बसो लागली, आणि इंजिनिअरचे बूट काही परत त्या रस्त्यास लागले नाहीत. तेव्हा बोसाने शपथ वाहिली जे, आपणच इंजिनिअर व्हावे, आणि एखादा सुतार काही सांगो आला तर मान वर करोन ऐकावे. शपथ वाहणे सोपे. पुढे सात वर्षे भुश्यात बसोन गणिते सोडविली, आणि बायको म्हणो लागली जे घरात खुर्च्या कमी आणि त्रिकोण फार जाहले. परंतु प्रौढांची परीक्षा अखेर सर जाहली आणि विद्यापीठाचा खलिता आला, शिक्कामोर्तबासह. बोसाने तो तीनदा वाचिला आणि चौथे खेपेस सातव्या कलमाशी येऊन त्याचे डोळे थिजले.

कलम ऐसे: प्रत्येक नवागताने स्वागतदिनी आपल्या कुटुंबातील, आपणाहून किमान पंधरा वर्षांनी वडील असे एक माणूस आणावे. उभयतांनी अधिकाऱ्यासमोर एकाच बाकावर शेजारी बसोन प्रतिज्ञापत्रावर सही करावी. दुपारी चारपावेतो सही न झाल्यास जागा प्रतीक्षायादीतील पुढील इसमास जाईल. सबब ऐकिली जाणार नाही.

मग अंगणात मसलत बसली. मसलतीस हजर खासा बोसा, त्याची बायको नाब्वामी, आणि कढईत उकळते शेंगदाण्याचे कालवण. नाब्वामीने बोटांवर गणती केली.

"बाप नाही. आई नाही. थोरले काका गेले, धाकटे काका अंथरुणाला. आत्या गेल्या वर्षी गेली. तुझ्याकडचं सगळं संपलं."

"मग?"

"मग माझी आई."

"बोलू नकोस!" ऐसे म्हणोन बोसा दचकोन उभा राहिला, जणू सासूबाई कालवणातून वर येतात की काय.

येथे दंडक सांगणे जरूर, कारण कलम लिहिणारास तो ठाऊक असता तर ही बखर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. आमच्या मुलखी जावयाने सासूकडे पाहू नये, एका आसनी बसू नये, हातास हात लागो देऊ नये, तिच्या वाटेत आल्यास झाडामागे व्हावे. हे मोडल्यास दोघांस थरथरीचा आजार जडतो, आणि हात ऐसे कापो लागतात की पेला तोंडास लागत नाही. शहाणे शहरी लोक हासतात. हासोत. बोसा हातांवर जगतो, आणि सासूबाई नासूना, वय एकाहत्तर, पन्नास वर्षे चटया विणोन जगली. दोघांचे हात म्हणजे दोघांची भाकर. तेव्हा हासण्यापूर्वी आपल्या कोणत्या अवयवावर आपली भाकर चालते ते पाहावे, आणि मग हासावे.

तथापि नाइलाज जाहला. दुसरे दिवशी उभयता सासूबाईंच्या घरी दाखल जाहले. बाई रिवाजाप्रमाणे दाराआड बसली, जावई अंगणात भिंतीकडे तोंड करोन बसला, आणि नाब्वामी उंबरठ्यावर वकील नामजाद जाहली. अंतर चार हात, एकमेकांचा श्वास ऐको येई, तरी प्रत्येक वाक्य वकिलामार्फत फिरोन जाई, ही दरबारची अदब.

"त्याला विचार, शाळा किती वर्षांची?"

"आई विचारते, शाळा किती वर्षांची?"

"चार," बोसा भिंतीस बोलिला.

"चार म्हणतो."

"म्हणजे म्हातारा होऊन इंजिनिअर होणार."

"आई म्हणते, म्हातारा होऊन..."

"ऐकलं मी. सांग, म्हातारा तर मी तसाही होणारच आहे."

नाब्वामीने ते पोचविले. मग दाराआडून हुकूम सुटला जे, जावई बरे बोलिला, सबब स्वारीस येणे होईल. नवी गोमेसी, सणासुदीचा पायघोळ झगा, नेसून येईन. आणि विद्येच्या घरी रिकाम्या हाताने जाणे शोभत नाही, म्हणोन तांबडी कोंबडी बरोबर घ्यावी. एका बाकावर कैसे बसावे याचा विचार तेथे गेल्यावर तेथल्या शहाण्यांसी बोलोन करावा, कारण विद्यापीठात शहाणे असतात. बाईचा हा एकच अंदाज चुकला.

शुक्रवारी पहाटे कूच जाहले. सासू आणि जावई एका गाडीत बसू शकत नाहीत, म्हणोन फौजेच्या दोन तुकड्या केल्या, दोन चौदा आसनी भाड्याच्या टॅक्सींत. आघाडीच्या टॅक्सीत सासूबाई, नाब्वामी, गुंडाळलेली चटई आणि टोपलीत कोंबडी. पिछाडीच्या टॅक्सीत खासा बोसा, पांढरा पायघोळ कान्झू, वर लग्नातला काळा कोट, आणि कोटात पाना. अठरा वर्षांची पोरे जेथे फाटक्या जीन्स घालोन जातात तेथे हा गृहस्थ कोणा मुलीस मागणी घालावयास निघाल्यासारखा सजला होता. परंतु सासूबाईंच्या आसपास जाणे, तेव्हा अदबीचा पोशाख जरूर, ऐसी त्याची समजूत. आणि आरशात पाहोन तो स्वतःशीच बोलिला जे, बोसा, तू विद्यार्थी कमी आणि वऱ्हाडी जास्त दिसतोस.

लुकाया मुक्कामी पहिला दगा जाहला. तेथे गाड्या थांबल्या की फेरीवाल्यांची सडी फौज भाजकी केळी आणि सळईवरचे मांस घेऊन खिडक्यांवर तुटोन पडते. बोसाची टॅक्सी थांबली ती नेमकी आघाडीच्या टॅक्सीशेजारी, खिडकीस खिडकी लावोन. पलीकडे हातभर अंतरावर सासूबाईंच्या गोमेसीची खांद्यावरची टोकदार बाही दिसली, आणि बोसाने विचार न करिता खाली उडी घेतली आणि दोन आसनांच्या मध्ये शिरोन कोंबडीसारखा दबोन बसला. एक फेरीवाला सळई आत खुपसोन बोलिला,

"काका, लपताय कुणाला? बायकोला का पोलिसाला?"

"सासूला!"

हे ऐकताच गाडीतली तेरा माणसे गप्प जाहली. मग कोणी हासले नाही, कोणी प्रश्न केला नाही. एका बाईने डोक्यावरचा रुमाल काढोन खिडकीवर धरिला, तिच्या मागल्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्र उघडले, आणि ड्रायव्हर आरशात पाहोन ओरडला,

"अहो मग आधी नाही का सांगायचं! घेतो की पुढं!"

आणि गाडी दहा हात पुढे गेली. कान्झूवर मांसाचा रस्सा सांडला, तो डाग अद्याप आहे. हे येथे मुद्दाम नोंदितो, साहेब. तेरा माणसे आणि एक ड्रायव्हर, पैकी सोळा कलमे लिहिण्याची अक्कल एकासही नव्हती, आणि तरी एका शब्दात सर्वांस उमगले.

दहाचे सुमारास स्वारी टेकडीच्या फाटकाशी भिडली. फाटकावर ओमारा नामे पहारेकरी, उत्तरेकडील मुलखाचा, उंच आणि निवांत. त्याने बोसास पाहिले, कान्झू पाहिला, डाग पाहिला.

"पालकांचा मंडप डावीकडं, बाबा."

"मी पालक नाही. मी नवागत."

"मुलाचं नाव सांगा, मी शोधून देतो."

"मुलगा मीच."

ओमाराने खलिता वरखाली वाचिला. "मग तुमचा पालक कुठंय?"

"त्या झाडामागं."

"झाडामागं काय करतोय?"

"करतेय. मी आत गेलो की ती निघेल."

मग झडती जाहली, आणि कोटातून पाना निघाला. ओमारा पाना उन्हात धरोन बोलिला, "लग्नाला आलात का गाडी खोलायला?"

"सवय आहे, भाऊ. खिसा हलका लागला की उघडं आल्यासारखं वाटतं."

पहारेकरी हासला आणि पाना परत दिधला. या एका हासण्यावर पुढे सर्व मोहीम तरली, हे तेव्हा दोघांसही ठाऊक नव्हते. परंतु मागून सासूबाई आणि नाब्वामी आल्या, तो दंडा आडवा पडला. एका नवागतामागे एकच माणूस, हे कलम नववे. नाब्वामी कमरेवर हात ठेवोन उभी राहिली.

"अरे, पण मी आत गेले नाही तर ही दोघं बोलणार कशी?"

"तोंडानं."

"तुझी सासू कुठली रे?"

"अजून लग्न नाही झालं, ताई."

"म्हणून तोंडानं!"

वकील फाटकावर अडकला, आणि फौज दुभाष्याविना आत शिरली.

आत सातशे पोरांचा दर्या उसळत होता. कर्ण्यातून कोणी एक थोर गृहस्थ शिस्तीविषयी दीड तास बोलिला आणि त्यात आपण स्वतः किती गरिबीत शिकलो हे चार वेळा बोलिला. बोसा पोरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला तो प्रत्येक जण त्यास जागा करोन देई. एका मुलीने गुडघे टेकोन नमस्कार केला आणि पुसिले जे, काका, तुमचं कोण लागलं इथं? बोसा बोलिला, मीच लागलो. ती उठोन पळाली आणि मैत्रिणींस सांगो लागली, आणि मैत्रिणी वळोन पाहो लागल्या. बोसाने कोटाने डाग झाकिला. तिसरे परीक्षेच्या दिवशीही इतका घाम आला नव्हता.

सासूबाईंनी पंधरा पावलांवर भिंतीकडे तोंड करोन चटई अंथरिली आणि टोपली मांडीशी घेऊन बसली, कारण बायामाणसांनी जमिनीवर बसणे ही आमची रीत. रांग मुंगीच्या चालीने सरकत होती. दुपार कलली. भिंतीवरचे घड्याळ तीन वाजोन वीस मिनिटे दाखवो लागले, तेव्हा कोठे बोसाचा नंबर आला.

मेजापलीकडे केम्बाबाझी नामे अधिकारीण, पश्चिमेच्या गुरांच्या मुलखाची, वय बोसाच्या थोरल्या पटाशीइतके असावे. मेजासमोर एक लांब बाक. ती खाली मान घालोन बोलिली,

"बसा दोघं. पालक कुठायत?"

बोसाने भिंतीकडे बोट न करिता हनुवटीने दाखविले आणि मग सर्व वृत्तांत निवेदिला, दंडक, थरथर, चटया, रंधा, सर्व. तिने ऐकिले, हे तिच्या बाजूने लिहिणे प्राप्त. मग बोलिली,

"काका, सासूचा मान आमच्याकडंही असतो. पण आम्ही निदान एका खोलीत चहा पितो."

"तुमच्याकडं चहा पितात. आमच्याकडं हात जातात."

"कलमात तसं लिहिलेलं नाही."

"मग काय लिहिलंय?"

"एकच बाक. शेजारी. मी तसं न बघता शिक्का मारला तर उद्या या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसेल. माझ्याही घरी खाणारी तोंडं आहेत."

"कुणी लिहिलं हे कलम?"

तिने पेन वर केले आणि छत दाखविले.

त्यासमयी भिंतीकडून टोपलीचा आवाज जाहला. सासूबाईंनी कोंबडी बाहेर काढिली, तिचे पाय धरोन तिला समोर बसविले, आणि भिंतीकडेच पाहात खणखणीत आवाजात बोलिली,

"कोंबडे, त्या माणसाला विचार, घोडं कुठं अडलंय?"

वकील फाटकावर, सबब वकिलात कोंबडीकडे आली. बोसाने जमिनीकडे पाहात अदबीने जबाब दिधला,

"कोंबडीबाई, त्यांना सांगा, एका बाकावर शेजारी बसायला सांगतायत. नाहीतर जागा जाते."

मागल्या रांगेतली पोरे फुटली. केम्बाबाझीचे पेन थांबले.

"तुम्ही कोंबडीशी बोलताय?"

"काय करणार, बाईसाहेब? आमचं माणूस तुम्ही फाटकावर ठेवलंत."

"कोंबडे," भिंतीकडून आवाज आला, "त्या पोरांना सांग, हसणाऱ्यांनाही एक दिवस सासू मिळते."

पोरे गप्प जाहली. घड्याळात पावणेचार जाहले. सासूबाईंनी आपले हात मांडीवर उताणे ठेविले आणि पाहिले. हे बोसाने पाहिले नाही, कारण त्याची नजर जमिनीवर, परंतु केम्बाबाझीने पाहिले, आणि मागाहून तिनेच सांगितले. मग बाई हळू बोलिली,

"कोंबडे, त्याला सांग, मी बसते. माझे हात पन्नास वर्षं राबले, आता थकले तरी कुणाचं अडत नाही. त्याचे गेले तर जाऊ देत म्हणावं. इंजिनिअरला हात कशाला लागतात? डोकं लागतं. बस म्हणावं शेजारी."

अशी तोफ बोसावर आजवर कोणी डागिली नव्हती. सात वर्षांचे त्रिकोण एकीकडे, आणि एकाहत्तर वर्षांचे दोन हात एकीकडे.

"कोंबडीबाई, त्यांना सांगा... त्यांनी विणलेल्या चटईवर माझी तिन्ही पोरं जन्मली. ते हात मी घालवणार नाही. जागा गेली तर गेली. मी बसत नाही."

आणि ऐसे बोलोन तो रंधाबहाद्दर सासूबाईंच्या मानास गुडघ्यांवर आला आणि कपाळ जमिनीस टेकिले, पुरुषमाणूस, कान्झूसकट, सातशे पोरांदेखत. केम्बाबाझी खुर्चीतून अर्धी उठली. मोहीम बुडाली, ऐसे सर्वांस वाटले. खुद्द बोसासही वाटले.

परंतु दंडकाने दिवसभर खाली घातलेली नजर अखेर कामास आली. कपाळ टेकले तेथोन त्यास बाकाचा तळ दिसला, आणि तळास मध्यभागी दोन नट दिसले, आणि नटांच्या दोन्ही अंगांस पिवळ्या रंगात एकच आकडा दिसला: तीनशे सतरा. एकीकडे तीनशे सतरा, दुसरीकडेही तीनशे सतरा. आणि बोसास उमगले जे, हा बाक आपलाच.

सहा वर्षांपूर्वी या टेकडीस चारशे बाक करोन दिधले ते बोसाने. बाक ऐसे लांब की गाडीच्या हौद्यात मावेनात, म्हणोन प्रत्येक बाक दोन तुकड्यांत केला, प्रत्येक तुकड्यास स्वतःचे चार पाय, आणि मध्ये दोन नटांनी जोड. तुकड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणोन विद्यापीठाच्या कोठीवाल्याने दोहींवर एकच आकडा रंगविला. इतक्या वर्षांत बोसा हे विसरला होता, या टेकडीवर आपण एकदा येऊन गेलो होतो, मागल्या दाराने.

मग कोटातून पाना निघाला. केम्बाबाझी ओरडली,

"काका, काय करताय?"

"बसायची सोय."

दोन नट निघाले, बोसाने एका तुकड्यास खांदा लाविला, आणि बाक मधोमध विलग होऊन दोन हात अंतर पडले. पोरांनी टाळ्या पिटिल्या. अधिकारीण मेजामागून बाहेर आली.

"हे चालणार नाही. कलमात एकच बाक म्हटलंय. हे दोन झाले."

"वाकून वाचा, बाईसाहेब. हिकडं किती? तीनशे सतरा. तिकडं किती? तुमच्या कोठीच्या वहीत तीनशे सतरा नंबरचे बाक किती?"

केम्बाबाझीने बोसाकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले, आणि येथे या मुलीचा पराक्रम नोंदणे प्राप्त, कारण ती सांगू शकत होती जे, सबब ऐकिली जाणार नाही. ती स्वतः धावली. शेजारच्या खोलीत शिरली, फडताळातून वही ओढोन काढिली, मेजावर आपटिली, आणि बोट फिरवीत मोठ्याने वाचिले,

"तीनशे पंधरा... तीनशे सोळा... तीनशे सतरा. लांब बाक. नग, एक."

"मग?"

"मग एकच आहे," ती बोलिली, आणि पहिल्यांदा तिच्या ओठांवर हासू फुटले. "कागदोपत्री एकच आहे. बसा. लवकर बसा. पण 'शेजारी' लिहिलंय, मध्ये कुणी बसता कामा नये."

"कुणी नाही बसत. कोंबडीबाई, त्यांना सांगा, चटई घ्या म्हणावं."

सासूबाईंस दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. ती पाठ करोनच उठली, चटई उचलिली, अर्धी उलगडोन दोन तुकड्यांच्या फटीत उभी केली, आणि आपल्या तुकड्यावर डावीकडे तोंड करोन बसली. बोसा आपल्या तुकड्यावर उजवीकडे तोंड करोन बसला. मध्ये उभी चटई, पन्नास वर्षांच्या हातांची, ताडाच्या पानांची, जांभळ्या काठाची. त्याचे लाकूड, तिचे विणकाम, आणि मधून वारासुद्धा जाईना.

केम्बाबाझीने दोन पेने दिधली, एक या अंगास, एक त्या अंगास. प्रतिज्ञापत्र वाचोन दाखविले जे, नवागत मद्यपान करणार नाही, वसतिगृहाच्या भिंती चढणार नाही, आणि वडिलांची आज्ञा पाळील. बोसा होय बोलिला. मग बाईचा नंबर. तिने पेन ऐसे धरिले जैसे विणकामाची सुई धरावी, आणि ना, सू, ना, एकेक अक्षर थांबोन, दोन ओळी व्यापोन लिहिले. अक्षर सरळ आले. तिने हात उचलोन उजेडात धरिला. हात स्थिर.

"कोंबडे, त्याला विचार, त्याचा?"

बोसाने हात पुढे केला. घामाने ओला होता, परंतु कापत नव्हता.

"कोंबडीबाई, सांगा, ठीक आहे."

शिक्का पडला तेव्हा घड्याळात चार वाजावयास चार मिनिटे कमी होती.

मग बोसाने चटई गुंडाळोन जमिनीवर ठेविली, मागे सरला, बाईने ती उचलिली, आणि त्याने पुन्हा गुडघ्यांवर येऊन बाकाचे दोन्ही नट आवळिले, कारण उद्या त्यावर पोरे बसणार, आणि सैल बाक त्यास पाहवत नाही. सासूबाईंनी कोंबडी मेजावर ठेविली. केम्बाबाझी बोलिली जे, नियमाप्रमाणे भेटी घेता येत नाहीत, कलम तेरावे. तेव्हा बाई बोलिली, "बरंच झालं. वकिलाला मी तशीही सोडणार नव्हते," आणि कोंबडी टोपलीत परतली.

फाटकावर नाब्वामी आणि ओमारा भाजकी केळी खात बसले होते. सासूबाई प्रथम बाहेर पडली आणि लेकीस मोठ्याने बोलिली, ऐसे की पन्नास पावलांवर झाडामागे उभ्या जावयास स्वच्छ ऐको जावे,

"त्या माणसाला सांग, चार वर्षं आहेत. नापास झाला तर मी पुन्हा येणार नाही. आणि पहिली तुळई चांगली काढ म्हणावं."

नाब्वामीने तोंडात केळे असताना ते पोचविले. झाडामागून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

येणेप्रमाणे टेकडीची स्वारी फत्ते जाहली. आपले नुकसान: एक कान्झू रश्शाने डागला, दोन गुडघे सोलवटले, अब्रू सातशे पोरांदेखत थोडी सांडली, ती पुन्हा भरोन येईल. शत्रूचे नुकसान: काही नाही, कारण शत्रू दिसलाच नाही. कमाई: एक जागा, चार हात शाबूत. हे सर्व त्या बोसाने स्वतःच लिहिले आहे, नव्या वहीच्या पहिल्या पानांवर, वर्गाच्या पहिल्या आठवड्यात. स्वतःची फजिती स्वतः लिहिली म्हणजे दुसऱ्यास मीठमिरची लावावयास जागा राहत नाही.

आता जबाब पाहिजे.

सातवे कलम लिहिणारे साहेब, आपणांस सासू आहे की नाही? असल्यास एका बाकावर तिच्याशेजारी कधी बसलात, ती तारीख कळवावी. नसल्यास हे कलम कोणास विचारोन लिहिले, त्याचे नाव कळवावे. पुढल्या वर्षी एखादा सुतार, एखादी विणकरीण या फाटकाशी येईल आणि त्यांचा बाक तीनशे सतरा नसेल. त्यांनी हात द्यावे की जागा द्यावी, तेही कळवावे. जबाब लेखी आणि सहीनिशी पाहिजे. छताकडे बोट केलेले चालणार नाही. बोसा आता चार वर्षे याच टेकडीवर आहे, आणि त्याने तो बाक मागोन घेऊन आपल्या दफ्तराच्या दारासमोर मांडिला आहे. रोज वर्ग सुटल्यावर तो तेथे बसतो. शेजारचा तुकडा रिकामा ठेविला आहे. यावे, बसावे, आणि सांगावे.